कवितेआधीचं बसणं: स्वतःत डोकावून लिहिण्याचा क्रम, टप्प्याटप्प्याने

तालुक्याच्या गावी कवितेच्या बैठका होतात, तिथे नव्याने लिहिणाऱ्यांच्या वह्या माझ्या हातात येतात. वहीत कळकळ असते आणि विषय खरे असतात: दुष्काळ, आई, बाप, पडलेला भाव, पुण्याला गेलेला भाऊ. तरी एका वहीतली कविता दुसऱ्या वहीत ठेवली तर कुणाला पत्ता लागणार नाही. कारण बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी मत ठरतं, मग मताला साजेशी भावना येते आणि शेवटी भावनेला शोभेल असं दृश्य कुठून तरी उचललं जातं. स्वस्थ बसणं, नीट पाहणं, स्वतःला विचारणं हे राहूनच जातं. मग त्याची भरपाई म्हणून कवितेत ‘एकांत’, ‘मौन’, ‘अंतर्मन’ असे शब्द पेरले जातात.

खालचा क्रम मुक्तछंदाला चालतो, अभंगालाही चालतो. गझल लिहिणाऱ्यांनी मात्र काफिया, म्हणजे यमक, ठरवण्याचं काम पाचव्या टप्प्यापर्यंत लांबणीवर टाकावं. यमक आधी हातात आलं की ते आपल्याला हवं तिकडे ओढत नेतं.

## तयारी: वेळ, जागा, सामान

वेळ. रोजची एकच वेळ धरा, वीस मिनिटांची. पहाट चांगली, पण आपल्याकडे उन्हाळ्याची दुपारही तितकीच चांगली. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर गेला की दोन ते चार गाव आपोआप थांबतं, दारं लोटलेली असतात, कुणी हाक मारत नाही. लातूर-धाराशिवकडच्या लोकांना येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा सण, आहेच. त्या दिवशी सगळं गाव रानात असतं. अंबिल-भज्जी झाल्यावर मंडळी झाडाखाली आडवी होतात, तेव्हा बांधाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसा. वर्षातून एकदाच मिळणारी ती दुपार फोटो काढण्यात घालवू नका.

जागा. परभणी-हिंगोलीकडे शेतातला आखाडा (गोठ्याची, राखणीची जागा), जुन्या घरांत ढाळजेचा (दाराजवळच्या ओसरीचा) कोपरा किंवा माळवद (मातीचं सपाट छत), शहरात इमारतीची गच्ची. यातलं काहीही चालेल. सुंदर जागा शोधू नका. पैठण, गंगाखेडचे घाट किंवा वालूरसारखी बारव (पायऱ्यांची विहीर) यांचा मोह होतो. पण नवखा माणूस अशा जागी बसला की जागेचंच वर्णन लिहून उठतो. रोजच्या, कंटाळवाण्या, पाठ झालेल्या जागेत पाहण्याची सवय लागते. बारवा-घाट नंतर आहेतच.

> सावध: पावसाळ्यात बांधावर किंवा पडक्या भिंतीशी बसायचं असेल तर आधी जागा काठीने झोडून घ्या. विहिरीच्या, बारवेच्या पायऱ्यांवर एकट्याने, अंधारात बसू नका.

ज्यांना एकटी वेळ मिळतच नाही. घरातल्या बायकांना ‘वीस मिनिटं स्वस्थ बसा’ हा सल्ला बहुधा लागू पडत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांनी हात गुंतलेलं पण डोकं मोकळं असलेलं काम निवडावं: तांदूळ निवडणं, खुरपण, कापूस वेचणं, भाकरी थापणं. आपल्याकडची जात्यावरची ओवी अशाच कामात घडली. दळण दळताना बाई स्वतःशी बोलत होती, आणि त्या बोलण्याला जात्याची लय होती. कामाच्या वेळी मोबाइलवरचं गाणं बंद ठेवा, सुचलेल्या गोष्टीचे दोन-तीन शब्द मनात धरून ठेवा आणि काम संपलं की लगेच टिपा. पुढचे सगळे टप्पे तसेच्या तसे लागू होतात.

सामान. शंभरपानी वही, पेन, आणि दुसऱ्या खोलीत ठेवलेला मोबाइल. खिशात बंद करून ठेवलेला मोबाइल चालत नाही. हात तिकडे जातोच.

## टप्पा १: बसा, वही मिटलेली

पहिले काही दिवस लिहायचं नाही. वही मांडीवर, पण मिटलेली.

आधी सगळ्यात लांबचा आवाज ऐका: रस्त्यावरचा ट्रॅक्टर, कुठल्या तरी शेतातली मोटार. मग त्याहून जवळचा. मग घरातला. शेवटी स्वतःचा श्वास. कान लांबून जवळ आणत आणले की मन त्यांच्या मागोमाग येतं. उलट, ‘मन शांत करतो’ असं ठरवून बसलं की मनाशी झटापट सुरू होते आणि वीस मिनिटं त्यातच जातात.

सुरुवातीला कामांची यादी येणारच. डेअरीचं बिल, गटाचा हप्ता, खताची गोणी, पोरीची फी. तिला हाकलू नका आणि तिच्याशी बोलतही बसू नका. थोड्या वेळाने ती ओसरते. ती ओसरल्यावर थोडं रितं, अवघडल्यासारखं वाटतं. बहुतेक लोक नेमके तिथेच उठतात, ‘आज काही सुचलं नाही’ म्हणत. त्या अवघडलेपणातच बसून राहायचं आहे, कारण आपण बघायला लागतो ते त्याच्यानंतर.

> सावध: बसल्या बसल्या एखादी झकास ओळ सुचेल. लिहू नका. पहिल्या दिवसांत सुचणाऱ्या ओळी बहुधा कुठल्या तरी संमेलनात ऐकलेल्या असतात. आपली ओळ दुसऱ्या दिवशीही परत येते.

> तपासा: उठताना असे तीन आवाज सांगता येतात का, जे बसताना ऐकू आले नव्हते? येत नसतील तर टप्पा २ उद्यावर ढकला.

## टप्पा २: विषय नको, एक वस्तू घ्या

‘दुष्काळ’ हा विषय आहे. टँकरच्या नळीला गळतीच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली असते, ती वस्तू आहे. कविता वस्तूपासून सुरू करा.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्या दिवसांवर लिहायला बसलेला माणूस आधी रेल्वेच लिहितो, कारण ती सगळ्या वर्तमानपत्रांत होती. पण त्याच्या स्वतःच्या घरात तेव्हा भांडी धुतलेलं पाणी कोणत्या डब्यात साठवत होते, तो डबा कुठे ठेवला होता, त्यावर झाकण म्हणून काय टाकलं होतं, हे त्याला एकट्यालाच माहीत आहे. तो डबा त्याची वस्तू.

वस्तू निवडताना तीन अटी पाळा:

1. ती तुम्ही स्वतः हाताळलेली किंवा जवळून ऐकलेली असावी.
2. ती आजवर तुम्ही कवितेत वाचलेली नसावी. तडा गेलेली भुई, गळणारं छप्पर, आईचा पदर, बापाच्या टाचेच्या भेगा हे सगळं खरं आहे, पण इतक्यांनी लिहिलंय की आपण ते न पाहताच लिहून मोकळे होतो.
3. तिच्याजवळ थांबलं की किंचित नकोसं वाटावं. ही अट सगळ्यात महत्त्वाची. जिच्यापाशी मन कचरतं, तिच्यात काहीतरी आहे.

पुढचे टप्पे दाखवण्यासाठी मी एक नमुना घेतो. कृषिपंपांना वीज पाळीने मिळते, आणि रात्रीची पाळी असली की घरातला कुणी तरी मध्यरात्री उठून मोटार चालू करायला, दारं धरायला (वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला) शेतात जातो. या अनुभवावर नवखा कवी साधारण असं लिहितो:

> जगाचा पोशिंदा माझा बाप राबतो
> काळ्या रात्री एकटाच तो जागतो
> कधी कळेल या सरकारला त्याचं दुःख
> डोळ्यांत त्याच्या आसवांचा पूर वाहतो

यातली तक्रार रास्त आहे. पण या चार ओळींत रात्र नाही, शेत नाही आणि बापही नाही. लिहिणारा तेव्हा कुठे होता तेही कळत नाही.

## टप्पा ३: टिपण

आता वही उघडा. कविता लिहायची नाही, टिपण करायचं. दहा-पंधरा छोटी वाक्यं, जसं घडलं त्याच क्रमाने. उपमा नको. विशेषण शक्यतो नको. भावनेचं नाव तर अजिबात नको: दुःख, वेदना, हुंदका, आसवं हे शब्द या पानावर बंद.

नमुन्याचं टिपण असं होईल:

> रात्रीची लाईट. अण्णा उठतात. दिवा लावत नाहीत, आम्ही जागे होऊ म्हणून. पायाने चप्पल चाचपतात. एक सापडते, दुसरी बाजेखाली. कडी हळू काढतात. कडी वाजतेच. बॅटरी दाराबाहेर गेल्यावर लावतात. कुत्रं मागे जातं. मी जागा आहे. गोधडी डोक्यावरून घेतलेली. बऱ्याच वेळाने लांबून मोटारीचा आवाज.

बघा, आधीच्या खर्ड्यातला ‘बाप’ इथे ‘अण्णा’ झाला. घरात जी हाक मारता तीच टिपणात ठेवा: अण्णा, दादा, आबा, बापू, जे असेल ते. हाक बरोबर आली की माणूस समोर उभा राहतो आणि मग त्याच्याबद्दल खोटं लिहिणं अवघड होतं.

आठवत नसेल तिथे जागा मोकळी सोडा. बाजेखालच्या चपलेसारखा तपशील दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत येतो. तो बनवून टाकू नका. बनवलेला तपशील नेहमी जरा जास्त देखणा असतो, त्यावरून ओळखू येतो.

> तपासा: टिपणात डोळ्यांखेरीज दुसऱ्या इंद्रियाचं काही आलंय का? नुसतं दिसणं असेल तर कान, हात, नाक यांना विचारा. नमुन्यात कडी आणि मोटार कानाने आली, चप्पल पायाने.

## टप्पा ४: स्वतःकडे वळा

आत्मपरीक्षण सुरू होतं ते इथे, चौथ्या पायरीवर. लोक पहिल्याच दिवशी ‘मी कोण’ विचारत बसतात, आणि उत्तर म्हणून ऐकीव तत्त्वज्ञान येतं. आधी वस्तू नीट पाहून झाली की प्रश्न आपोआप बारीक होतात. टिपण समोर ठेवून पुन्हा वीस मिनिटं बसा आणि स्वतःला एवढंच विचारा:

1. हे घडत होतं तेव्हा मी नेमका कुठे होतो, कुठे होते?
2. मी काय करू शकलो असतो आणि केलं नाही?
3. यातलं कोणतं वाक्य मी घरच्यांसमोर वाचायला धजणार नाही?

नमुन्यात तिन्ही प्रश्नांचं बोट एकाच जागी जातं: ‘मी जागा आहे. गोधडी डोक्यावरून घेतलेली.’ लिहिणारा झोपलेला नव्हता. तो झोपेचं सोंग घेऊन पडला होता. कविता या दोन वाक्यांत आहे. अण्णांचे कष्ट कुणीही लिहील. हे सोंग फक्त तोच लिहू शकतो.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, स्वतःची कीव: ‘मी किती अभागी’. दुसरी तिच्याहून फसवी, अपराधाचं प्रदर्शन: ‘मी पापी, मी नालायक’. दोन्हींत नजर पुन्हा स्वतःच्या चेहऱ्यावर जाते आणि अण्णा अंधारात एकटेच राहतात. जे केलं किंवा केलं नाही ते साध्या क्रियापदात सांगा. शिक्षा सुनावू नका.

कसोटी आपल्या परंपरेतच आहे. अभंगाच्या शेवटी कवी स्वतःचं नाव घालतो. हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे नामदेवांचं आणि गंगाखेड हे जनाबाईंचं गाव मानतात. ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’ ही नाममुद्रा त्यांच्या अभंगांत येते. तुम्हीही टिपणातल्या प्रत्येक महत्त्वाच्या वाक्याआधी स्वतःचं नाव आणि ‘म्हणे’ लावून मोठ्याने वाचा. नाव लावल्यावर जे वाक्य लाजिरवाणं पण खरं वाटतं ते ठेवा. जे भाषणासारखं वाटतं ते काढा.

> सावध: घरात आत्महत्या, अपघात, अकाली मृत्यू घडलेला असेल आणि ते ताजं असेल, तर त्या आठवणीसोबत एकटं बसू नका. अशा वेळी कवितेची घाई नसते. बसल्याने झोप उडत असेल, जीव घाबरा होत असेल तर थांबा, जवळच्या माणसाशी बोला. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

## टप्पा ५: खर्डा, एका बैठकीत

टिपण बाजूला ठेवा, पाहू नका, आणि एकाच बैठकीत खर्डा लिहा. लक्षात राहिलं ते कवितेचं. विसरलं ते बहुधा कवितेचं नव्हतं.

छंदात लिहिणाऱ्यांनी आता छंद घ्यावा. मोठ्या अभंगात चार चरण, सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. जोडाक्षर एकच मोजायचं. बोटांवर अक्षरं मोजत लिहिल्याने हात संथ होतो, प्रत्येक शब्दाशी थांबावं लागतं, आणि हे थांबणं फार कामाचं आहे. मात्र अक्षर भरायला ‘रे’, ‘गं’, ‘हो’ घालायची वेळ आली तर ओळ मोडा आणि नवी घ्या.

## टप्पा ६: झाकून ठेवा

काळ्या जमिनीत पाऊस पडल्या पडल्या कुणी तिफण घालत नाही. वाफसा येऊ देतात, म्हणजे ओल पेरणीजोगी होऊ देतात, नाहीतर चिखल होतो. खर्ड्याचंही तेच. किमान पंधरा दिवस वही उघडू नका. याच दिवसांत तो खर्डा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकायची सगळ्यात जास्त ऊर्मी येते. टाकलात की दहा ‘व्वा’ येतात, आणि त्या दहा जणांसमोर कविता बदलणं मग जिवावर येतं. झाकून ठेवण्याचा टप्पा लोक सर्रास गाळतात, आणि वह्यांमधलं सगळ्यात मोठं नुकसान त्यानेच होतं असं माझं ठाम मत आहे.

## टप्पा ७: काटछाट

पंधरा दिवसांनी त्याच जागी, त्याच वेळी बसा. आधी टप्पा १ सारखे आवाज ऐका, मग वही उघडा. घाईत केलेली काटछाट चुकीची ओळ कापते. क्रम असा:

1. शेवटची ओळ झाका. तिच्याशिवाय कविता उभी राहते का? राहत असेल तर ती ओळ समजावून सांगायला आली होती. कापा.
2. पहिली ओळ झाका. तोच प्रश्न.
3. भावनेची नावं आणि ‘शांतता’, ‘मौन’, ‘एकांत’ हे शब्द शोधा. कवितेत निवांतपणा हवा असेल तर तो जागेतून येऊ द्या, शब्दातून नव्हे.
4. जिथे वाचणाऱ्याने थांबावं असं वाटतं तिथे एक ओळ कोरी सोडा. पण सगळीकडे नको. प्रत्येक दोन शब्दांनंतर ओळ तोडली की थांबण्याची किंमत जाते.

नमुन्याच्या खर्ड्यात शेवटी ‘अण्णा, मला माफ करा’ अशी ओळ होती असं धरा. पहिल्याच फेरीत ती जाईल. माफी मागून मुलगा मोकळा होतो, आणि त्याच्यासोबत वाचणाराही. बाजेखालची चप्पल आणि कुत्रं हे दोन्ही चांगले तपशील आहेत, तरी काढावे लागतात, कारण ते आपल्याला अण्णांच्या मागे दाराबाहेर नेतात आणि कविता गोधडीत आहे. चांगला तपशील कापताना हात थांबतो. टिपणात तो जिवंत आहे, दुसऱ्या कवितेला उपयोगी पडेल. उरतं ते असं:

> रात्रीची लाईट.
> अण्णा दिवा न लावता
> पायानं चप्पल शोधतात.
>
> कडी हळूच काढतात,
> तरी ती वाजते.
>
> मी गोधडीच्या आत
> डोळे मिटून जागा.
>
> लांबून मोटारीचा आवाज येतो
> तेव्हा कूस बदलतो.

‘तरी ती वाजते’ नंतरची कोरी ओळ पाहा. कडी वाजल्यावर अण्णाही क्षणभर थांबले असतील, कुणी उठलं का ते बघायला. ते लिहिलेलं नाही, पण त्या जागेत ते होतं. आणि शेवटी कूस बदलण्यात सुटका आहे की शरम, हे कवी सांगत नाही. त्यालाही ते पक्कं ठाऊक नसावं. आत्मपरीक्षणातून दर वेळी उत्तर निघतंच असं नाही. न सुटलेला प्रश्न प्रामाणिकपणे तसाच ठेवला तर तो वाचणाऱ्याच्या घरापर्यंत जातो.

> तपासा: कवितेत ‘सरकार’, ‘समाज’, ‘जग’ उरलंय का? उरलं असेल तर त्या जागी कोणती वस्तू किंवा कोणता माणूस लपला आहे ते टिपणात शोधा. रात्रीच्या विजेवरचा राग या नऊ ओळींत आहेच, वेगळा ओरडावा लागत नाही.

## टप्पा ८: वाचन

आधी एकट्याने मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे शब्द परका आहे. तो बोलीतला करा. ‘पायानं’ बोलत असाल तर ‘पायाने’ लिहू नका, आणि एका कवितेत दोन्ही नकोत.

मग एकाच माणसाला ऐकवा. शक्यतो कविता न लिहिणाऱ्याला. ‘कशी वाटली’ विचारू नका, ‘काय दिसलं’ विचारा. त्याला गोधडी दिसली तर झालं. ‘छान संदेश आहे’ असं म्हणाला तर टप्पा ७ पुन्हा करा.

बैठकीत किंवा संमेलनात वाचताना प्रस्तावना करू नका. ‘ही कविता मला सुचली तेव्हा...’ हे वाक्य कवितेच्या आधीची सगळी शांतता खाऊन टाकतं. कागद हातात घ्या, दोन श्वास थांबा, वाचा, कोऱ्या ओळीला खरोखर थांबा. टाळ्यांसाठी ओळ दोनदा म्हणण्याची रीत आहे, ती अशा कवितेला मारक ठरते. एकदाच म्हणा.

दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर आणखी एक पंधरवडा वही बंद ठेवा, आणि पाठवताना सोबतच्या पत्रात कवितेचा अर्थ लिहू नका.